दादाजी, आपला डोंगर कोणता?

मुलाच्या घरी हॅमिल्टनला पोचून तीनच दिवस झाले होते. दिवाळीनंतरचे ते दिवस. आपल्याकडे थंडीची चाहूल लागलेली, तर तिकडे वसंत सरत आलेला. सकाळच्या नवकारशीनंतर मी खिडकीपाशी बसलो होतो. आठ वर्षांची नात शाळेची वही घेऊन आली आणि तिने विचारले, “दादाजी, आपला डोंगर कोणता?”

मला प्रश्नच कळला नाही. सुनेने उलगडून सांगितले. न्यूझीलंडच्या शाळांतून मुलांना माओरी रीतीने स्वतःची ओळख करून द्यायला शिकवतात. त्या ओळखीला ‘पेपेहा’ म्हणतात. तीत माणसाचे नाव सर्वांत शेवटी येते. आधी सांगायचा आपला डोंगर, मग आपली नदी, मग ज्या नावेतून पूर्वज आले ती नाव, मग कुळ. हे सारे झाल्यावर, जणू आठवण झाली म्हणून, स्वतःचे नाव.

आपण व्यापारी माणसे. आपली ओळख दुकानाच्या पाटीवर लिहिलेली असते, आणि तीत आडनाव पहिले. गोत्र विचाराल तर सांगेन. खापर-पणजोबा मारवाडातून लोटा-दोरी घेऊन निघाले आणि नगरला स्थिरावले, हेही सांगेन. भाटांच्या बहीत त्याआधीच्या पिढ्याही सापडतील. पण डोंगर? मारवाडात जो असेल तो मी पाहिलेला नाही, आणि नगरच्या भोवतालच्या डोंगरांना ‘आपला’ म्हणावे असे कधी मनात आले नव्हते. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, “शत्रुंजय सांग ना तिला.” मी म्हटले, “ते तीर्थ आहे, तिथे आपण यात्रेला जातो. ती विचारते आहे, आपण कुठले.” नात दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिली. वहीतला रकाना रिकामाच राहिला.

त्याच आठवड्याच्या शेवटी तिच्या वर्गाचा एका माराएवर रात्रीच्या मुक्कामाचा कार्यक्रम होता आणि घरच्या मंडळींनाही निमंत्रण होते. माराए म्हणजे कुळाचे सभास्थान: समोर मोकळे पटांगण, त्यापुढे कोरीव लाकडाचे सभागृह, बाजूला भोजनगृह. खरे सांगायचे तर मी जायला फारसा उत्सुक नव्हतो. माओरी म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे जीभ बाहेर काढून मांड्या थोपटणारे रग्बीचे खेळाडू येत. युद्धाचा नाच आणि जमिनीत पुरून शिजवलेले मांस पाहायला आपण सातासमुद्रापार का जावे, असे मी बोलूनही दाखवले होते.

पटांगणाच्या फाटकाशी आम्ही सारे पाहुणे दाटीवाटीने उभे राहिलो. स्त्रिया पुढे, पुरुष मागे. आत पाऊल टाकायचे नाही, हाक येईपर्यंत थांबायचे. मग समोरच्या ओसरीवरून काळ्या वस्त्रांतल्या एका वृद्ध स्त्रीचा आवाज उठला. त्याला ‘कारांगा’ म्हणतात. गाणे म्हणावे तर गाणे नव्हे आणि रुदन म्हणावे तर रुदनही नव्हे. लांबवलेली, मध्येच थरथरणारी अशी ती हाक होती. आमच्या बाजूनेही एका माओरी शिक्षिकेने तशाच आवाजात उत्तर दिले, आणि त्या दोन आवाजांच्या मधून आम्ही संथपणे चालत गेलो. अर्ध्या वाटेवर सारे थांबले, माना खाली झाल्या. मुलाने हळूच सांगितले की ही हाक केवळ आपल्याला नाही. आपल्याबरोबर आपले गेलेले लोकही आले आहेत असे मानतात आणि त्यांचेही स्वागत करतात.

येथे मन अडखळले. आपल्याकडे श्राद्ध नाही, पिंड नाही. देह सुटताच जीव आपल्या कर्मानुसार दुसऱ्या गतीत जातो, तो मागे रेंगाळत नाही, हे लहानपणापासून ऐकत आलो. वडील माझ्या मागे त्या गवतावर उभे आहेत असे मी मानू शकत नाही. पण त्या अर्ध्या मिनिटात मला त्यांचीच आठवण आली, गादीवर बसून रोजमेळ लिहिणारी त्यांची पाठमोरी आकृती, एवढे मात्र लिहिले पाहिजे.

पुढे भाषणे झाली. यजमानांचे वक्ते बोलले, प्रत्येक भाषणानंतर त्यांच्या बाजूच्या मंडळींनी उभे राहून गीत म्हटले. आमच्या बाजूच्या वक्त्याने बोलणे संपवताना एक पाकीट जमिनीवर ठेवले. ही ‘कोहा’, पाहुण्यांची भेट. पूर्वी ती अन्नाच्या किंवा वस्त्रांच्या रूपाने असे, आता बहुधा पैसे असतात. किती द्यावे हे कोणी सांगत नाही आणि देणाऱ्यानेही बोलायचे नसते. आपल्यातील जाणत्यांना हे हिशेब समजावून सांगायची गरज नाही. सौ.ने आमच्या वाट्याच्या रकमेवर एक डॉलरचे नाणे घालायला लावले होते. पाकिटात नाणे का खुळखुळते, हे बहुधा तिथे कोणाला कळले नसेल.

मग ‘होंगी’. यजमान ओळीने उभे राहतात आणि प्रत्येक पाहुणा प्रत्येकाच्या कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवून पुढे जातो. दोघांचा श्वास एक होतो. ताने या देवाने मातीच्या स्त्रीदेहाच्या नाकपुड्यांत फुंकर घालून पहिली स्त्री जिवंत केली, तिच्या आठवणीचा हा विधी. ज्या धर्मात वायुकायाच्या जीवांना इजा नको म्हणून मुखावर वस्त्र धरतात, त्या धर्मातला मी, आणि परक्या माणसाचा श्वास इतक्या जवळून घेतोय! सौ. पुरुषांपुढे थबकली. तिचा संकोच ओळखून एका आजोबांनी नुसता हात पुढे केला, आणि त्यांच्या शेजारच्या त्या हाक देणाऱ्या वृद्धेने मात्र तिचे दोन्ही खांदे धरून नाक टेकवले. तिला सारे ‘कुइया’ म्हणत होते. आपण ‘आजी’ म्हणतो तसे. होंगी झाली की पाहुणा परका राहत नाही.

सभागृहात जाण्यापूर्वी पादत्राणे बाहेर काढली. आत अन्नपाणी वर्ज्य. हे दोन्ही नियम सांगताना शिक्षक मुलांना पुन्हा पुन्हा बजावत होते. आम्हाला देरासराच्या पायरीवर उभे असल्यासारखे वाटले. ते सभागृह म्हणजे एका पूर्वजाचा देहच. शिखरावर त्याचा चेहरा, दोन्ही बाजूंना उतरत्या फळ्या म्हणजे पसरलेले बाहू, आढे हा पाठीचा कणा, वासे या बरगड्या. भिंतींवर गेलेल्या माणसांची छायाचित्रे होती. रात्री त्याच भिंतींना डोकी लावून, गाद्या पसरून, पन्नासेक माणसे शेजारी शेजारी झोपली. उशीवर बसायचे नाही, कारण मस्तक पवित्र. टेबलावर बसायचे नाही, कारण तिथे अन्न ठेवतात. भांडी पुसायचा कपडा आणि अंगाचे कपडे एकत्र धुवायचे नाहीत. सौ. हे सारे ऐकून इतकी प्रसन्न झाली, की सुनेकडे तिने एक सूचक कटाक्षही टाकला.

पण त्याआधी जेवणाचा प्रसंग होता, आणि मला भीती होती ती त्याचीच.

माओरी विचारात ‘तापू’ आणि ‘नोआ’ अशा दोन अवस्था आहेत. तापू म्हणजे पवित्र, म्हणूनच निषिद्ध, सावधपणे जपायचे. नोआ म्हणजे मोकळे, नित्याचे. स्वागतविधीत पाहुण्यांवर तापूचा अंमल असतो आणि तो उतरतो यजमानांकडचे अन्न घेतल्यावर. अन्नावाचून स्वागत पुरे होत नाही. मी मनात योजले होते, की गाडीत बसून खाखरा खाऊन घ्यावा, सूर्यास्ताला अवकाश होता. तिकडे नोव्हेंबरात आठच्या सुमारास दिवस मावळतो, त्यामुळे चोविहाराची अडचण नव्हती. मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही आत आला नाहीत तर ते मागितलेले स्वागत अर्ध्यावर टाकल्यासारखे होईल.” मी गेलो.

भोजनगृहात ‘हांगी’ होती. खड्ड्यात दगड तापवून लाल करतात, त्यावर टोपल्या, त्यावर ओले कापड, वर माती, आणि तीन-चार तास वाफेवर शिजू देतात. मांस आणि भाज्या एकाच खड्ड्यात. भाज्या तरी कोणत्या? बटाटे, गाजर आणि मुख्य म्हणजे ‘कूमारा’, आपले रताळे. माती उघडताना आलेला तो वास मला सोसला नाही, आणि तो सोसला असे आज लिहिणे लबाडीचे होईल. मी दारातच उभा राहिलो.

कुइया समोर येऊन बसल्या. मांस नको हे त्यांना लगेच कळले, हल्ली तिकडेही पुष्कळ लोक मांस सोडतात. पण कूमारा का नको? मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले की कंदात अनंत जीव आहेत असे आम्ही मानतो. कंद काढला तर रोपटे मुळासकट जाते आणि मातीतले कितीतरी जीवही. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, की त्यांचे पूर्वज कूमाराचे बेणे नावेत जपून समुद्र ओलांडून आले. तो रोंगो या देवाच्या अखत्यारीतला, आणि रोंगो हा शेतीचा तसाच शांततेचाही देव. थंड हवेत तो कंद जगावा म्हणून त्यांनी मातीत वाळू मिसळली, बेण्यासाठी खड्डे खणले. तो त्यांच्यासाठी रताळे नव्हे, वंशाबरोबर आलेला सोबती आहे. तेव्हा मी जे नाकारत होतो ते त्यांच्या घरातले सर्वांत मानाचे होते, आणि हे आम्हा दोघांनाही एकाच वेळी समजले.

त्यांनी पाव पुढे केला. चौकशी केली तर त्या पावाचे विरजण बटाट्याचे! तेव्हा मात्र त्या स्वतःच हसल्या. शेवटी आला तो दुधाचा चहा आणि वाटीभर स्ट्रॉबेरी. सौ.ने पिशवीतून मेथीचे खाखरे काढून टेबलाच्या मध्यभागी ठेवले. कुइयांनी एक मोडला, त्यावर लोणी लावले, खाल्ला आणि शेजारच्यांना दिला. आम्ही त्यांचा चहा घेतला. एवढ्यावर ते झाले. नंतर सौ. न सांगता भांडी पुसायला उभी राहिली. पाहुण्यांनी तसे करणे तिकडे फार आवडते, हे तिला ठाऊक नव्हते. परत आली तेव्हा तिच्याकडे तिघींचे फोन नंबर होते.

रोतोरुआविषयी थोडक्यात लिहितो, कारण तिथे बहुतेक प्रवासी जातातच. रात्रीचे खेळ आणि त्याबरोबरचे भोजन एका ठिकाणी पाहिले. नाच नेटका होता, पण सारे घड्याळावर चालले होते आणि आमच्या ताटात पाव व काकडीखेरीज काही नव्हते. त्यापेक्षा फाकारेवारेवा या वस्तीत जावे. उकळत्या झऱ्यांच्या आणि वाफांच्या मध्ये लोक खरोखर राहतात आणि तेच वाट दाखवतात. मक्याची कणसे झऱ्याच्या उकळत्या पाण्यात शिजवून देतात. ती आम्ही आनंदाने खाल्ली. १० जून १८८६ च्या पहाटे तारावेरा ज्वालामुखी फुटला, सुमारे १२० माणसे गेली आणि जगभरच्या प्रवाशांना खेचणाऱ्या गुलाबी व पांढऱ्या पायऱ्या नाहीशा झाल्या. त्या पायऱ्या दाखवण्यावर ज्यांचा चरितार्थ होता त्या तूहोउरांगी लोकांपैकी कित्येकांना या वस्तीत आसरा मिळाला आणि त्यांनी तोच व्यवसाय येथे पुन्हा उभा केला. बुडालेल्या पेढीतून उठून दुसऱ्या गावी दुकान मांडणारे आपल्यातही आहेत.

मला अधिक लिहायचे आहे ते पारिहाकाविषयी. ते नाव मी मुलाच्या घरातल्या एका पुस्तकात पाहिले आणि मग हट्टाने तिकडे जाण्याचे ठरवले. हॅमिल्टनहून नैऋत्येला, तारानाकी पर्वत आणि समुद्र यांच्या मध्ये, ते एक लहानसे खेडे आहे. आधी विचारून गेलो. कोणीही यावे असे ते प्रेक्षणीय स्थळ नाही, लोकांचे घर आहे.

६ फेब्रुवारी १८४० रोजी वाइतांगी येथे इंग्रज राणीचे प्रतिनिधी आणि माओरी सरदार यांच्यात करार झाला. कराराच्या दोन प्रती होत्या, एक इंग्रजी, एक माओरी. इंग्रजी प्रतीत सार्वभौमत्व दिल्याचे लिहिले होते. माओरी प्रतीत केवळ कारभार देऊन जमीन व वस्तूंवरची सत्ता सरदारांकडेच राखली होती. पाचशेहून अधिक सरदारांच्या खुणा त्यावर आहेत, आणि त्यांतील बहुतेक सर्व माओरी प्रतीवर. सौद्याच्या दोन चिठ्ठ्यांतील शब्द जुळले नाहीत तर पुढे काय होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्या काळी माओरी लोक हुशार व्यापारीही होते. गहू पिकवीत, स्वतःच्या पिठाच्या गिरण्या चालवीत, स्वतःच्या जहाजांतून ऑकलंडला माल पोचवीत. १८६० नंतर युद्धे झाली आणि बंडखोरी हे कारण दाखवून जमिनी जप्त झाल्या. एकट्या तारानाकीत सुमारे १२ लाख एकर.

ते फिती ओ रोंगोमाई आणि तोहू काकाही या दोघांनी १८६० च्या दशकात पारिहाका वसवले आणि तेथे शस्त्र वर्ज्य केले. आल्बट्रॉस पक्ष्याचे पांढरे पीस ही त्यांची खूण. सरकारने जप्त जमिनीची मोजणी सुरू केल्यावर १८७९ मध्ये पारिहाकाचे लोक नांगर घेऊन निघाले आणि गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या कुरणांतून तास काढू लागले. पकडले तर प्रतिकार नाही. दुसऱ्या दिवशी दुसरे नांगरणारे हजर. शेकडोंना पकडून, खटला न चालवता, दक्षिण बेटावरच्या तुरुंगांत पाठवले. पुढच्या वर्षी सरकारने शेतांतून रस्ता काढण्यासाठी कुंपणे मोडली. लोक ती पुन्हा उभारीत आणि पुन्हा पकडले जात.

५ नोव्हेंबर १८८१. सुमारे १६०० सशस्त्र शिपाई आणि स्वयंसेवक गावात शिरले. पुढे पांढऱ्या घोड्यावर मंत्री जॉन ब्राइस. वाटेत त्यांना भेटली ती गाणारी, दोरीवरून उड्या मारणारी मुले, आणि भाजलेले पाव घेऊन उभ्या असलेल्या स्त्रिया. पटांगणात दोन हजारांहून अधिक माणसे मूकपणे बसली होती. दोन्ही नेते उठून शांतपणे शिपायांबरोबर चालू लागले. त्यांना खटल्यावाचून १८८३ पर्यंत अडकवून ठेवले. गावाची घरे पाडली, पिके उपटली, लोकांना हाकलले. स्त्रियांवर अत्याचार झाले. सरकारने या सर्वांची कबुली देऊन गावात जाऊन क्षमा मागितली ती २०१७ साली. आपण दरवर्षी संवत्सरीला क्षमा मागतो, तीही कित्येकदा छापील पत्रावर. १३६ वर्षांनी मागितलेल्या क्षमेचा उच्चार कसा झाला असेल, याचा विचार मी ते फिती यांच्या समाधीपाशी उभा राहून करीत होतो. १८८१ साली गांधीजी बारा वर्षांचे होते.

येथेच थांबलो असतो तर मनाजोगता लेख झाला असता. पण त्याच पुस्तकात पुढे आणखी एक प्रकरण होते. दक्षिण बेटाच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर चॅथम बेटे आहेत. तिथले मोरिओरी लोक नुनुकू नावाच्या पूर्वजाचा नियम पाळीत: माणसाला मारायचे नाही. भांडण झालेच तर अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठ्यांनी झुंजायचे आणि रक्ताचा पहिला थेंब दिसताच थांबायचे. १८३५ साली दोन माओरी जमाती तेथे उतरल्या. मोरिओरींची सभा भरली; तरुण म्हणाले लढू, वडीलधारे म्हणाले नियम मोडायचा नाही. नियम पाळला गेला. दोनशेहून अधिक माणसे मारली गेली आणि उरलेल्यांना गुलाम केले. आणि चढाई करणाऱ्या त्या जमाती मूळच्या कुठल्या? याच तारानाकीच्या किनाऱ्यावरच्या.

पारिहाकाला आम्हाला गाव दाखवणाऱ्या गृहस्थांना मी हे विचारले. विचारावे की नाही याची बरीच चर्चा आमच्या गाडीत झाली होती, सौ.चे मत विरुद्ध होते. ते रागावले नाहीत. “हो, तेही आमचेच,” एवढेच म्हणाले आणि समुद्राकडे पाहत राहिले. अहिंसा पाळल्याने मोरिओरी वाचले नाहीत, आणि नियम पाळून त्यांनी चूक केली असे मला म्हणवत नाही. रात्री प्रतिक्रमणाला बसलो तेव्हा चित्त लागले नाही.

परतीच्या प्रवासात वांगानुई नदी लागली. २०१७ च्या कायद्याने या नदीला माणसासारखे कायदेशीर अस्तित्व मिळाले आहे; तिच्या वतीने बोलायला दोन प्रतिनिधी नेमलेले असतात. तारानाकी पर्वतालाही २०२५ साली तसेच स्थान मिळाले. पाण्याच्या थेंबात अप्काय जीव मानणाऱ्या आपल्याला याचे नवल वाटू नये. तरी मी सौ.ला म्हटले, की आपण पाणी गाळून पितो, पण सीना नदीचे काय झाले आहे ते पूल ओलांडताना खिडकीची काच वर करून पाहतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी नातीने वही दाखवली. मी तिला सांगितले होते, की कुइयांनाही मी तो डोंगराचा प्रश्न विचारला होता आणि त्यांनी उलट विचारले होते: “दूरच्या गावाहून परतताना काय दिसले की तुम्हाला घर आले असे वाटते?” नगरच्या माणसाला याचे उत्तर एकच. वहीत तिने लिहिले होते: डोंगर शहा, नदी सीना. शहा डोंगर म्हणजे ज्याच्यावर सलाबतखानाची कबर आहे आणि ज्याला आपण सारे चांदबिबीचा महाल म्हणतो तो. नावेच्या जागी तिने आधी बैलगाडी काढली होती आणि तिच्यामागे, दोरीने बांधलेले, एक विमान.

नगरला परतल्यावर मी महालाचे छायाचित्र काढून तिला पाठवले. लगेच उत्तर आले: “दादाजी, इतका छोटा?”